एका निवृत्त कर्नलचा छंद



संगणक हे मोठ्या कचेऱ्यांच्या, विद्यापीठांच्या आणि लष्करी खात्यांच्या दिमतीचे यंत्र आहे अशी ज्या काळी सर्वांची समजूत होती, त्याच काळी ते सुटे भाग जमवून स्वतःच्या हातांनी जुळवणारी, घराच्या तळघरात मांडणारी आणि त्याला घरच्याच टेलिफोनची तार जोडून परक्या माणसाला आत घेणारी काही हौशी मंडळी अमेरिकेत निघाली. खेड्यापाड्यांत इंटरनेट कसे न्यावे आणि नेल्यावर ते कसे टिकवावे याचा जो खल आज सरकारदरबारी चालतो, त्याचे उत्तर या हौशी मंडळींच्या हाती बऱ्याच अंशी लागले होते, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

१९७८ च्या जानेवारीत शिकागो शहरावर मोठे हिमवादळ आले. रस्ते बंद झाले आणि आयबीएममध्ये नोकरी करणारे वॉर्ड क्रिस्टेन्सन घरात अडकून पडले. संगणकाचा नाद असणाऱ्यांचे एक मंडळ त्या शहरात होते. मंडळाच्या भिंतीवर जसा चिठ्ठ्या टोचण्याचा फलक असतो, तसा फलक संगणकावरच का असू नये, असा विचार क्रिस्टेन्सन आणि त्यांचे स्नेही रँडी स्यूस यांच्या मनात आला. क्रिस्टेन्सन यांनी आज्ञावली लिहिली, स्यूस यांनी यंत्र जुळवले, आणि १६ फेब्रुवारीला जगातला पहिला बुलेटिन बोर्ड स्यूस यांच्या घरी सुरू झाला. टेलिफोनची घंटा वाजली की तिच्याच संकेताने यंत्र जागे होई, तबकडीवरून आपली आज्ञावली वाचून घेई, मोडेम फोन उचले आणि पलीकडच्या माणसाच्या पडद्यावर अक्षरे उमटू लागत. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे तीस अक्षरे, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना झेपेल इतकाच. तार एक, म्हणून एका वेळी पाहुणाही एकच. त्याने निरोप वाचावेत, आपला निरोप लिहावा आणि फोन ठेवावा, तेव्हा कुठे दुसऱ्याची पाळी येई.

या व्यवस्थेत यंत्राचा मालक, त्याचा राखणदार, त्याचा दुरुस्ती कारागीर आणि त्यावर येणाऱ्या मंडळींचा यजमान, ही सारी एकच व्यक्ती असे. तिला सिसॉप म्हणत. यंत्र बिघडले तर तक्रार कोठे करावी हा प्रश्नच उद्भवत नसे, कारण ज्याच्या घरी ते होते तोच रात्री उठून ते उघडी. पुढे यंत्रे बदलली, तारा बदलल्या, वेग लक्षपटींनी वाढला; परंतु ही सिसॉपची वृत्ती जेथे टिकली तेथेच जाळे टिकले, आणि आजचे भाषण मी मुख्यतः याच एका गोष्टीसाठी करीत आहे.

या वृत्तीचा संपूर्ण प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात पाहावयाचा असेल तर तो डेव्ह ह्यूज यांच्या चरित्रात पाहावा. कोरियाच्या युद्धात पराक्रमाबद्दल गौरवलेले हे कर्नल लष्करातून निवृत्त झाल्यावर कोलोराडो स्प्रिंग्ज या शहराच्या एका जुन्या, पडक्या पेठेत राहू लागले. पेठेचे पुनरुज्जीवन करण्यात त्यांचा पुढाकार होताच. त्यातच त्यांना मोडेमचा छंद जडला आणि त्यांनी स्वतःचा फलक चालू केला. घरी बसून व्यवसाय करणाऱ्यांवर निर्बंध घालणारा एक नियम नगरपालिकेने योजला, तेव्हा ह्यूज यांनी त्याचा संपूर्ण मसुदा आपल्या फलकावर ठेवला. एरवी असे मसुदे कोण वाचतो? पण हा लोकांनी आपापल्या घरी, आपापल्या सवडीने वाचला, त्यावर आपसात चर्चा केली आणि सुनावणीच्या दिवशी ते सभागृहात मोठ्या संख्येने जमले. नियम बारगळला. सामान्य नागरिकाच्या हाती सार्वजनिक दस्तऐवज वेळेवर पडला तर कारभारावर केवढा परिणाम होतो, हे या लहानशा प्रसंगाने जितके स्पष्ट केले तितके मोठमोठ्या प्रबंधांनीही केले नसेल.

त्याच सुमारास, १९८४ मध्ये, टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट उभे केले. रात्री लांब पल्ल्याच्या टेलिफोनचा दर उतरला की एक फलक दुसऱ्याला आपण होऊन फोन लावी, दिवसभरात साठलेली पत्रे त्याच्या हवाली करी आणि तो ती पुढच्याकडे पोहोचवी. जुन्या डाकेचे जासूद टप्प्याटप्प्यावर थैली बदलत, त्यातलाच हा प्रकार. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत या साखळीत तीस हजारांहून अधिक फलक गुंफले गेले होते, आणि त्यांतले बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या घरात होते. आपल्याकडेही ही हौस पोहोचली. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये बंगळूरला सिक्स नावाचा फलक काढला. पुढे दूरसंचार खात्याने अशा फलकांकडून लाखो रुपयांचे परवाना शुल्क घेण्याची तजवीज केली, तेव्हा ज्यांनी आवाज उठवला त्यांत ही हौशी मंडळी अग्रभागी होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांना इंटरनेट खुले करून दिले, त्याआधीची कित्येक वर्षे मोडेमचा तो किरकिरता, शीळ घालणारा आवाज या मंडळींच्या घरात नित्याचा झाला होता.

ह्यूज मात्र खेड्यांकडे वळले. मोंटाना हे अमेरिकेचे विस्तीर्ण, विरळ वस्तीचे राज्य. त्या काळी तेथे एकशिक्षकी, एकखोली शाळा शंभराहून अधिक होत्या. चहूकडे कुरणे, हिवाळ्यात हिमाने बुजलेले रस्ते, आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची मुले एकाच खोलीत घेऊन बसलेली एक शिक्षिका, जिला आपल्या धंद्यातल्या दुसऱ्या माणसाशी बोलण्याची संधी महिनोन्महिने मिळत नसे. डिलन गावच्या वेस्टर्न मोंटाना कॉलेजातील प्राध्यापक फ्रँक ओडाझ यांनी ह्यूज यांच्या साहाय्याने या शिक्षिकांसाठी १९८८ मध्ये ‘बिग स्काय टेलिग्राफ’ सुरू केला. नाव तारायंत्राचे असले तरी तो होता फलकच. ओडाझ यांनी यंत्रापेक्षा शिकवणीवर अधिक लक्ष दिले: मोडेम कसा जोडावा, पहिला निरोप कसा लिहावा, दुसऱ्याचा पाठ आपल्याकडे कसा उतरवून घ्यावा, अशा छोट्या छोट्या धड्यांनी त्यांनी यंत्राला भिणाऱ्या शिक्षिकांना हाताशी धरून पुढे नेले. एकीने तयार केलेला पाठ दुसरीच्या वर्गात पोहोचू लागला. एवढेच नव्हे, तर एमआयटीसारख्या नामांकित संस्थेतील एका भौतिकशास्त्रज्ञांनी त्या दूरच्या मुलांना याच तारेवरून अव्यवस्थेचे, म्हणजे ‘केऑस’चे, गणित शिकवले. टेलिफोनच्या साध्या, संथ तारेवर हे घडले. वेग वाढल्याशिवाय खेड्यातल्या मुलांना काही शिकवता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी मोंटानाचा हा वृत्तांत जरूर वाचावा. १९९३ मध्ये संगणक-जाळ्यावरील नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने आपल्या सन्मानासाठी ज्यांची निवड केली, त्यांत क्रिस्टेन्सन आणि ह्यूज ही दोन्ही नावे होती.

तथापि टेलिफोनची तारच जेथे गेलेली नाही तेथे मोडेम काय करणार? या अडचणीतून वाट निघाली ती कायद्याच्या एका कलमातून. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही लहरपट्टे असे मोकळे केले की त्यांवर अल्प शक्तीचा प्रक्षेपक चालवण्यास परवाना लागू नये. आजचे वायफाय अशाच मोकळ्या पट्ट्यांवर चालते. ह्यूज यांनी नव्वदच्या दशकात राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या साहाय्याने अशा बिनतारी साधनांच्या ग्रामीण भागांत चाचण्या घेतल्या, आणि वयाची सत्तरी उलटल्यावर ते नेपाळात नामचे बाजारच्या शेर्पांना जाळे उभारण्यास मदत करू लागले.

त्याच नेपाळात महाबीर पुन यांनी याहून बिकट परिस्थितीत काम केले. अमेरिकेत नेब्रास्कात शिकून ते म्याग्दी जिल्ह्यातल्या आपल्या नांगी गावी परतले. गावात ना टेलिफोन, ना मोटारीचा रस्ता. लाकडी खोक्यांत बसवलेले संगणक त्यांनी शाळेत मांडले. माओवाद्यांचे बंड ऐन भरात आणि सरकारचा बिनतारी साधनांवर कडक पहारा, अशा दिवसांत परदेशी स्वयंसेवकांच्या सामानातून परवान्याविना आलेली उपकरणे घेऊन त्यांनी २००२ च्या सुमारास पोखरा शहराशी संधान बांधले. पुनःप्रक्षेपणाचे ठाणे उंच झाडावर आणि अँटेना दूरदर्शनच्या तबकडीची. पुढे हे जाळे गावोगाव पसरले, दूरच्या डॉक्टरांचा सल्ला डोंगरातल्या रुग्णांना मिळू लागला, आणि २००७ मध्ये पुन यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. मला त्यांच्या कार्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अशी की ठाणी राखण्याचे शिक्षण त्यांनी त्याच गावांतल्या तरुणांना दिले.

आपल्या मुलखात परिस्थिती निराळी आहे. आपल्याकडे पट्टा मोकळा आहे. २००५ पासून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर परवान्याची अट उरलेली नाही. २०११ मध्ये केंद्र सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली, तिलाच आता भारतनेट म्हणतात. परंतु तंतू पंचायतीच्या दारापर्यंत आला म्हणजे तो शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचला असे होत नाही. ही उणीव हेरून मुंबईच्या आयआयटीतील अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यात ‘ग्राममार्ग’ हा प्रयोग मांडला. दूरचित्रवाणीच्या रिकाम्या राहिलेल्या लहरींवरून त्यांनी प्रथम काही गावे जोडली. या लहरी झाडीतून आणि उंचसखल भूमीवरून दूरवर जातात, हा त्यांचा विशेष. नंतर मोकळ्या पट्ट्यावरची स्वस्त उपकरणे वापरून गावांची संख्या वाढवली. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रयोगाला प्रथम पारितोषिक मिळाले. त्याहूनही महत्त्वाचा मला त्यांचा हिशेब वाटतो: जाळ्याच्या खर्चात पंचायतीचा वाटा असावा आणि ते चालवण्याचे काम गावातल्याच तरुणाने उत्पन्नाच्या हमीवर करावे, असा तो आराखडा होता. शिकागोच्या तळघरात एक माणूस हौसेपोटी जे फुकट करीत असे, त्याला येथे रीतसर रोजगाराचे रूप आले.

म्हणून ज्या श्रोत्यांच्या गावी असे जाळे आले आहे किंवा यावयाचे आहे, त्यांनी येत्या ग्रामसभेत वेग किती मिळणार हे तर विचारावेच. पण कोकणपट्टीतल्या आषाढात वीज कोसळून टेकडीवरचे ठाणे जळाले तर ते दुसऱ्या दिवशी बदलणारा माणूस गावातला कोण, त्याला शिकवले कोणी, आणि त्याचे वेतन अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली धरले आहे, हेही विचारून उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.