मूठभर धान्य आणि पदवी

कॉलेजात प्रवेश मिळतो, पण तिथं तीन वर्षं टिकायचं कसं? खरी अडचण फीपेक्षा खोलीभाड्याची आणि दोन वेळच्या जेवणाची असते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे फार लवकर ओळखलं होतं. 1919मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि वसतिगृहातल्या मुलांसाठी गावोगाव ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. घरची बाई दळणाआधी मूठभर ज्वारी बाजूला काढी, त्यावर कुणाचं तरी पोर शिके. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. त्यांचं नाव मात्र आपण कमीच घेतो. पुढे 1947मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. पुण्यात 1955पासून विद्यार्थी साहाय्यक समिती गावाकडच्या मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय लोकांच्या देणग्यांवर करत आली आहे.

आजही अनेक महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काम करायचं, तासांप्रमाणे मोबदला घ्यायचा. पैशांपायी शिक्षण सोडायचा विचार मनात आला, तर आधी कॉलेजच्या विद्यार्थी विकास विभागात जाऊन या योजनेची चौकशी करा.