नातवासाठी एक तृतीयांश
(पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मयताच्या मालमत्तेवर सरकार कर घेई, असा एक काळ होता. १९५३ च्या कायद्याने आलेली ही इस्टेट ड्यूटी १६ मार्च १९८५ पासून होणाऱ्या मृत्यूंसाठी रद्द झाली. कर गेला, पण भावंडांमधले तंटे राहिले. ते टाळणे आपल्या हाती आहे.

आपल्याकडील हनफी कायद्याचा क्रम असा : प्रथम कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, त्यानंतर वसियत आणि शेवटी वारसांचे हिस्से. पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच होय, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

आता एक उदाहरण घ्या. नाना पेठेतील एका गृहस्थांना दोन मुलगे व एक मुलगी. थोरला मुलगा बापाच्या हयातीतच वारला, मागे लहान मूल ठेवून. धाकटा मुलगा हयात असल्यामुळे त्या यतीम नातवाला वारसाहक्काने काहीही मिळत नाही. सुनेलाही नाही. मात्र आजोबा वसियतीने एक तृतीयांशापर्यंत मालमत्ता नातवाला देऊ शकतात. कर्ज फेडून छत्तीस लाख उरले, तर बारा लाख नातवाला. उरलेल्या चोवीस लाखांत पत्नीचे तीन, मुलाचे चौदा आणि मुलीचे सात लाख. मुलीचा हिस्सा हा तिचा हक्क आहे. लग्नात खर्च केला म्हणून तो संपत नाही.

वारसालाच वसियतीने जास्त द्यायचे, तर मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते. हयातीत हिबा करता येतो. पण देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे, या तिन्ही गोष्टी हव्यात.

‘नॉमिनी लावला आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, म्हणून तो मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँकेतील ठेवींबाबत २०१० साली आणि शेअर्सबाबत २०२३ साली हेच सांगितले.

तोंडी वसियतही कायद्याने चालते, परंतु ती सिद्ध करताना वारसांच्या नाकी नऊ येतात. म्हणून ती लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि शक्य तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. सोबत देणे-घेणे, पासबुके व घराचे कागद यांची यादी ठेवा आणि ती कोठे आहे, हे पत्नीला सांगा.

ज्यांच्या घरी असा यतीम नातू किंवा नात आहे, त्यांनी तर हे काम उद्यावर टाकू नये. त्या मुलाची फी, पुस्तके आणि पुढील शिक्षण आजोबांच्या एका कागदावर अवलंबून आहे.