विधिनिषेधशून्य



एखाद्याने आपले नुकसान केले, की त्याला ‘विधिनिषेधशून्य’ म्हणून आपण मोकळे होतो. शब्द भारदस्त आहे. तो उच्चारला की रागालाही थोडे पांडित्य लाभते! परंतु तो इतका स्वस्त करण्याजोगा खचित नाही.

त्याचे मूळ मीमांसकांच्या घरचे. अमुक करावे असे सांगणारे वेदवाक्य तो विधी, अमुक करू नये असे सांगणारे तो निषेध. पुढे वेदान्त्यांनी म्हटले, की पूर्ण ज्ञान्याला विधिनिषेधांचे बंधन उरत नाही. म्हणजे जे सिद्धपुरुषाचे लक्षण, तेच आपण लुच्च्याला लावीत आहो की काय? तसे नाही. ज्ञानी विधिनिषेधांच्या पलीकडे जातो, कारण त्याला स्वतःसाठी काही मिळवावयाचेच नसते. दुसऱ्याच्या मनात ते कधी उमटलेलेच नसतात. इंग्रजीतील ‘स्क्रूपल’ ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला बारीक टोकदार खडा आहे. पायताणात शिरलेला तो खडा ज्याला टोचतच नाही, तो आपला विधिनिषेधशून्य. चोरी करताना ज्याचा हात कापतो, त्याला चोर म्हणावे. हे विशेषण लावू नये.

नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरच्या बाजारात हा संस्कृत शब्द क्वचितच कानी पडेल. तेथे ‘बेइमान’ म्हणतील, नाही तर ‘ह्याला काही धरबंध नाही’ म्हणतील. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू होती. असे शब्द तेथे घरचेच झाले. गावाचे जुने नाव वाढोणा. ‘हिमायत’ म्हणजे पाठराखण, आश्रय. पण बेइमान होण्यास आधी कोणाचा तरी विश्वास असावा लागतो. विधिनिषेधशून्याला तेवढ्या नात्याचीही गरज नसते.

समजा, पेरणीच्या तोंडी कापसाच्या बियाण्यासाठी कोणी सावकाराकडे गेला. सावकार कर्जाला गहाणखत न करता सरळ खरेदीखत करून घेतो. मुद्रांक पुरा, अंगठा स्पष्ट, नोंदणी यथासांग! कचेरीचा एकही विधी चुकलेला नाही. तरीही त्याला आपण विधिनिषेधशून्यच म्हणतो, आणि योग्य म्हणतो. कारण ह्या शब्दातला विधी कचेरीतला नव्हे. कायद्यालाही हे उमगले आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन अधिनियमान्वये जिल्हा निबंधक चौकशी करून, अवैध सावकारीतून झालेला असा व्यवहार रद्द ठरवू शकतो व जमीन परत देववू शकतो. कागद निर्दोष असला म्हणून व्यवहार निर्दोष ठरत नाही.

आता त्या खतावर साक्षीदार म्हणून सही करणारा शेजारी. ही विक्री नव्हे, कर्ज आहे, हे तो जाणतो. शेतकऱ्याच्या नजरेला नजर देत नाही. सही मात्र करतो, कारण त्याचेही खाते त्याच वहीत आहे. खडा त्याला टोचतो आहे. त्याला विधिनिषेधशून्य म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्यासाठी मराठीत निराळा शब्द आहे: मिंधा.