पटलं नाही, पण मान्य आहे

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण)



या मालेत डॉक्टर हृदयविकारावर बोलले, वकीलसाहेब मृत्युपत्रावर बोलले. मग कमिटीला आठवलं की बी विंगमध्ये एक निवृत्त इंग्रजीचे मास्तर राहतात. "सर, इंग्रजीवर काहीतरी बोला, पण अर्ध्या तासात आटपा," असा निरोप आला. अर्ध्या तासात अख्खं इंग्रजी काही होत नाही. म्हणून मी एकच शब्द घेतलाय. आपल्या प्रत्येक मीटिंगमध्ये तो निदान दहा वेळा कानावर पडतो. तो शब्द म्हणजे 'ॲग्री'.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आपली गच्ची गळत होती, आठवतंय ना? एका कॉन्ट्रॅक्टरने गच्ची पाहून पत्र दिलं, की जुनं वॉटरप्रूफिंग पूर्ण गेलंय, सगळं उखडून नव्याने करावं लागेल. खाली खर्चाचा अंदाज. कमिटीला कळवायचं होतं एवढंच, की तुमचं निदान आम्हाला पटतं, दराचं मागाहून बोलू. पत्र इंग्रजीत गेलं, त्यात वाक्य होतं 'वी ॲग्री टू युवर प्रपोजल'. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गेटवर सिमेंटच्या गोण्यांचा टेम्पो आणि सहा मजूर हजर! इकडे अजून दोन कोटेशनं यायची होती. तो बिचारा पत्र दाखवून म्हणतो, "साहेब, तुम्हीच कबूल केलंय." त्याचं काही चुकलं नव्हतं. टेम्पोचं भाडं आणि एका दिवसाची मजुरी देऊन आपण त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. ते पत्र पाठवण्याआधी तपासून कोणी दिलं होतं? मी! स्पेलिंग पाहिली, स्वल्पविराम पाहिले, आणि 'टू' तेवढा नजरेतून सुटला.

आता हे असं का होतं, ते पाहू. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली आमची पिढी एका मराठी शब्दाला एक इंग्रजी शब्द शोधते. 'सहमत' म्हणजे 'ॲग्री', संपलं. म्हणून तर आपण 'मी सहमत आहे' याचं 'आय ॲम ॲग्री' करतो. ते चूक आहे. 'ॲग्री' हे मुळात क्रियापद आहे, त्यामुळे नुसतं 'आय ॲग्री' म्हणायचं. पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. मराठीत अर्थ बदलला की आपण क्रियापदच बदलतो. पटणं वेगळं, मान्य करणं वेगळं, ठरणं वेगळं, मानवणं वेगळं. इंग्रजी माणूस क्रियापद तेच ठेवतो आणि मागचा छोटा शब्द बदलतो. आपलं शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटतं, त्यांचं नामाच्या आधी येतं. आकाराने एवढंसं, पण सगळा अर्थ त्याच्यात.

तेव्हा पाठांतर नको. आधी मनात मराठी क्रियापद कोणतं आहे ते पाहा.

मनात 'पटणे' असेल तर 'विथ'. माणूस, त्याचं मत, त्याचं म्हणणं पटलं, तर 'ॲग्री विथ'. 'मला देशपांड्यांचं पटतं', इथे विथ. गच्चीच्या पत्रातही विथच हवं होतं, आणि त्यापुढे 'प्रपोजल' नव्हे, 'निदान' हवं होतं.

मनात 'मान्य करणे, कबूल करणे, होकार देणे' असेल तर 'टू'. प्रस्ताव, अट, विनंती यांना टू. इथे तुम्ही मत देत नाही, शब्द देता. 'वी ॲग्रीड टू पे' यातला टू मात्र वेगळा, तो पुढच्या क्रियापदाचा आहे. पण भाव तोच, कबुलीचा.

मनात 'ठरणे, एकमत होणे' असेल तर 'ऑन'. तारीख, रंग, दर हे दोघांनी मिळून ठरवले, तर 'ॲग्री ऑन'. ब्रिटिश इंग्रजीत कारभाराच्या भाषेत 'ॲग्री अ प्राइस' असं मध्ये काहीच न घालताही लिहितात. ते वाचलंत तर चूक समजू नका. कायद्यात ऑनच्या जागी भारदस्त 'अपॉन' येतो. आपल्या 1872 च्या करार कायद्याचं कलम 13 संमतीची व्याख्या करतं, ती अशी, की दोघांनी एकाच गोष्टीवर, एकाच अर्थाने 'ॲग्री' व्हायला हवं. 'एकाच अर्थाने' हे शब्द लक्षात ठेवा. आमच्या गच्चीच्या पत्रात नेमकं तेच नव्हतं.

आणि मनात 'मानवणे' असेल तर पुन्हा 'विथ'. 'मला फणस मानवत नाही' हे इंग्रजीत 'जॅकफ्रूट डझन्ट ॲग्री विथ मी' असं होतं. म्हणजे फणसालाच आपण पटत नाही! हसू नका, या शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये 'पसंतीस उतरणे' असंच आहे.

आता शेवटचं, आणि ज्याच्यासाठी मी हा शब्द निवडला ते. लिफ्ट बदलायचा ठराव आला तेव्हा आपल्या तळमजल्यावरच्या काकांनी सभेत उभं राहून सांगितलं, की मी लिफ्ट वापरत नाही, सगळ्यांना सारखी वर्गणी मला पटत नाही. बरीच वादावादी झाली. मतदान झालं, ठराव पास झाला. काका परत उठले आणि म्हणाले, "मला पटलं नाही, पण मान्य आहे." दुसऱ्या दिवशी पहिला चेक त्यांचा होता.

पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं गेलं. त्यात लिहिलं होतं, 'ऑल मेंबर्स ॲग्रीड विथ द रेझोल्यूशन'. काकांनी हात वर केला. "ही दुरुस्ती करा. मी विथ केलेलं नाही, टू केलंय." काही जण हसले, कोणी म्हणालं, एका शब्दाने काय फरक पडतो? काका बसले नाहीत. "पैसे मी दिलेत. माझं मत दिलेलं नाही. ते कागदावर माझ्याकडेच राहू द्या."

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे पेनने दुरुस्ती केली आणि शेजारी सही केली. ते रजिस्टर ऑफिसच्या कपाटात आहे, कोणीही पाहू शकतं.

मंडळी, पंचवीस वर्षांत आपण किती ठराव केले! पाण्याच्या वेळा, पार्किंग, गणपतीची वर्गणी, कुत्र्यांचा प्रश्न. प्रत्येक वेळी सगळ्यांना सगळं पटलं असतं, तर आपण सोसायटी नसतो, एक कुटुंब असतो. आणि कुटुंबात तरी कुठे पटतं? आपण इथवर आलो ते मुख्यतः 'टू'च्या जोरावर. फक्त एक विनंती, यापुढे कोणी 'टू' म्हटलं, तर इतिवृत्तात त्याचं 'विथ' करू नका.

माझा अर्धा तास संपला. तुम्ही माझ्याशी ॲग्री झालात की नाही ठाऊक नाही, पण आता चहाला सगळे ॲग्री असाल.