लेखाखाली नाव कोणाचे, लेखणी कोणाची?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



औषध घेताना आपण पाकिटावरील मुदत पाहतो, दुकानदाराकडून पक्की पावती घेतो. परंतु ज्या लेखावरून ते औषध घ्यायचे ठरवले, तो लेख कोणी लिहिला हे सहसा पाहत नाही. आज त्याविषयीच बोलणार आहे.

जाहिरात आपण सावधपणे वाचतो. लेखाखाली मात्र प्राध्यापकाचे किंवा प्रगतिशील शेतकऱ्याचे नाव असले की विश्वास बसतो. हे विक्रेत्यांनाही ठाऊक असते. म्हणून कधी कधी मजकूर कंपनीच्या कचेरीत तयार होतो आणि खाली नाव दुसऱ्याचे येते. जाहिरातीला पैसे मोजावे लागतात, तिच्यावर शंकाही घेतली जाते. असा लेख या दोन्हींतून सुटतो.

ही गोष्ट मोठ्या नियतकालिकांतही घडते. ग्लायफोसेट हे तणनाशक आपल्या परिचयाचे आहे. ते सुरक्षित असल्याचा आढावा घेणारा एक शोधनिबंध २००० साली तीन शास्त्रज्ञांच्या नावाने प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक वर्षे त्याचा आधार घेतला गेला. २०१७ मध्ये अमेरिकेतील खटल्यांत मोन्सँटो कंपनीची अंतर्गत पत्रे उघड झाली. कंपनीने लिहावे व बाहेरच्या तज्ज्ञांनी सह्या कराव्यात, या निबंधाच्या वेळी असेच केले होते, अशा अर्थाचा मजकूर २०१५ च्या एका पत्रात होता. कंपनीने आरोप नाकारला. त्याच वर्षी ‘फोर्ब्स’ने आपल्या संकेतस्थळावरील एका स्तंभलेखकाचा लेख काढून टाकला, कारण त्याचा कच्चा मसुदा कंपनीने पुरवला होता. २००० सालचा तो निबंधही नियतकालिकाने २०२५ च्या अखेरीस मागे घेतला. ग्लायफोसेट कितपत घातक आहे, हा वेगळा प्रश्न असून त्यावर मतभेद आहेत. आपल्या दृष्टीने मुद्दा असा की, लिहिणारा हात लपवला गेला आणि वाचकाला ते कळायला अनेक वर्षे लागली.

मग दुसऱ्याकडून लिहून घेणे वाईटच का? नाही. अनुभव असलेल्या प्रत्येकाला लिहिता येतेच असे नाही. आपल्या मासिकांत यशोगाथेखाली ‘शब्दांकन’ म्हणून लिहिणाऱ्याचे नाव देतात, ती पद्धत चांगली आहे. कंपनीच्या तज्ज्ञाने स्वतःच्या हुद्द्यासह लिहिलेला लेखही उपयोगी असू शकतो. दोष लिहून घेण्यात नाही, लपवण्यात आहे.

निविष्ठेविषयीचा लेख वाचताना पुढील बाबी तपासाव्यात.

१. लेखकाचा हुद्दा व त्या मालाशी असलेला संबंध दिला आहे का?

२. लेखात क्रियाशील घटकाचे नाव आहे की फक्त कंपनीचे व्यापारी नाव पुन्हा पुन्हा येते?

३. औषध न वापरलेला पट्टा शेजारी ठेवला होता का? समजा, सोयाबीन एकरी ८ क्विंटलवरून १० क्विंटल झाले असे लिहिले आहे. गेल्या वर्षी ८ आणि यंदा १० अशी तुलना असेल, तर वाढ औषधाची की पावसाची?

४. प्रयोग किती हंगाम व किती ठिकाणी घेतला? खर्च वजा जाता फायदा किती?

५. कीटकनाशक असल्यास लेखातील पीक लेबलावर आहे का? नसेल तर थांबावे आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात विचारावे.

आता दुसरी बाजू. आपल्यापैकी काहींच्या रोपवाटिका आहेत, कोणी गांडूळ खत विकतात. लेखाने धंदा वाढतो आणि तो अवश्य वाढवावा. लिहिता येत नसेल तर जाणकाराकडून लिहून घ्या, पण शब्दांकन त्याचे म्हणून सांगा आणि माल आपला आहे हेही सांगा. किती रोपे मेली, कोणत्या जमिनीत जमले नाही, हेही लिहा. अशा लेखावर आलेले गिऱ्हाईक टिकते.

आणि एखादा प्रतिनिधी फोटो काढून “तुमच्या नावाने लेख छापतो” म्हणाला, तर मजकूर छापण्यापूर्वी वाचून घ्या. न वापरलेली मात्रा, न आलेले उत्पादन त्यात असेल तर खोडा. तो ऐकत नसेल तर नाव देऊ नका. आम्हा प्राध्यापकांनाही हाच नियम लागू आहे. तुमच्या नावावर भरवसा ठेवून शेजारचा शेतकरी पैसे घालणार आहे. पीक गेले तर तो कंपनीच्या कचेरीत जाणार नाही, तुमच्या बांधावर येईल.