झोपेच्या मागे लागू नका

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, “झोप.” ते हसले. म्हणाले, “काका, कार्यक्रम जेवणानंतर आहे. विषय आपोआप सिद्ध होईल!” तेव्हा समोर कुणाला डुलकी लागली तर मी वाईट वाटून घेणार नाही. ज्याला बसल्या बसल्या झोप येते, त्याचा मला आजवर हेवाच वाटत आला आहे. मात्र रोज दिवसा कुठेही बसलं की पेंग येत असेल, तर त्याबद्दल पुढे दोन शब्द सांगणार आहे. ते मात्र जागं राहून ऐका.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. जे सांगणार आहे त्यातलं काही डॉक्टरांकडून ऐकलेलं, काही वाचलेलं, आणि बरंचसं अंगावर काढलेलं आहे.

हा विषय का घेतला ते सांगतो. पहाटे साडेतीन-चारला मला जाग येते. मग मी गॅलरीत येऊन उभा राहतो. समोरच्या इमारतीत दिवे दिसतात. बँकेची सवय, मी मोजतो. कधी चार, कधी सात. परीक्षेच्या दिवसांत एकदा अकरा भरले होते. मुलांचे दिवे वगळले तर बाकीचे सगळे आपल्याच वयाचे. आणि प्रत्येकाला वाटत असतं की, सगळी सोसायटी ढाराढूर झोपली आहे, जागा तो मी एकटाच.

आपल्या जिल्ह्यात झोपेबद्दल बोलायचं तर 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपासून सुरुवात करावी लागते. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि आपला जिल्हा मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली, आणि बहुतेक झोपेतच गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर त्या पहाटे माणसांच्या अंगावर आलं. आपल्याकडे म्हण आहे, ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा.’ दमलेल्याला धोंडासुद्धा उशाला चालतो असा तिचा अर्थ. त्या पहाटे आमच्या भागात धोंडाच वैरी झाला.

मी तेव्हा उमरग्याला होतो. भाड्याच्या घरातून बायको आणि दोन पोरांना घेऊन रस्त्यावर आलो. आमचं घर उभं राहिलं, आम्ही वाचलो. पुढे मदतीच्या रकमांसाठी लोकांची खाती उघडायची होती, म्हणून एका गावात पत्र्याच्या शेडमध्ये आमचं टेबल मांडलं होतं. तिथे एक आज्जी रोज दुपारी यायच्या आणि कोपऱ्यात बसून राहायच्या. त्यांचं खातं केव्हाच उघडून झालं होतं. एक दिवस मी विचारलं, “आज्जी, काही काम राहिलं का?” म्हणाल्या, “काम न्हाई बाबा. हितं वर पत्रा हाय, धोंडा न्हाई. घटकाभर पडू दे.” आम्ही स्टेशनरीच्या पेटीशेजारी सतरंजी टाकून दिली. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेली ती बाई तिथे तासभर गाढ झोपायची. घरातलं कोण कोण गेलं, हे विचारायचं धाडस मला शेवटपर्यंत झालं नाही.

त्यानंतर महिनोन् महिने लोक घराबाहेरच झोपत होते. आपल्या सोसायटीचं बांधकाम सुरू झालं तेव्हाही वरच्या मजल्यावरचं घर घ्यायला कितीतरी सभासद का-कू करत होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. मी स्वतः कित्येक वर्षं उशाशी बॅटरी ठेवून, दाराची वरची कडी न लावता झोपलो. आणि रोज पहाटे चारच्या आधी जाग. दिवा नाही, आवाज नाही, गजर नाही, तरी जाग ठरलेली.

आता माझ्या चुका सांगतो, कारण त्या तुमच्याही असण्याची शक्यता आहे. थकबाकीच्या वसुलीला लागावं तसा मी झोपेच्या मागे लागलो. लवकर झोप यावी म्हणून रात्री नऊलाच अंथरुणावर. रात्रीची भरपाई म्हणून दुपारी दोन तास. जाग आली की घड्याळ बघायचं आणि हिशेब मांडायचा : ‘आता झोप लागली तर अजून अडीच तास मिळतील.’ महागडी गादी आणली. मग एका नातेवाइकाला लिहून दिलेली झोपेची गोळी मीही सुरू केली आणि कुणालाही न विचारता आठ-नऊ वर्षं घेतली. 2014 साली रात्री बाथरूमला जाताना तोल जाऊन पडलो. हात मोडला. कंबर वाचली हे नशीब.

तेव्हा मुलाने सोलापूरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “काका, रात्री नऊला का झोपता?”

मी म्हटलं, “झोप येत नाही म्हणून.”

“मग येत नसताना जाता कशाला?”

छत्तीस वर्षांत एकाही ऑडिटरने मला इतकं निरुत्तर केलं नव्हतं.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. शरीरात दोन व्यवस्था असतात. एक झोपेची भूक. जागं राहू तशी ती वाढत जाते. दुपारी दोन तास झोपणं म्हणजे जेवणाआधी पोटभर फरसाण खाणं. मग रात्री भूक कशी लागणार? वामकुक्षी जरूर घ्या, पण वीस ते तीस मिनिटं, आणि तीन वाजायच्या आत. दुसरी व्यवस्था म्हणजे मेंदूतलं घड्याळ. त्याला किल्ली देतो तो सकाळचा उजेड. शरीरातलं हे घड्याळ पेशींच्या पातळीवर कसं चालतं, हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याला करायचं ते सोपं आहे : रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं आणि अर्धा तास बाहेर उजेडात फिरायचं. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते.

तिसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती सगळ्यात कामाची. अंथरूण फक्त झोपेसाठी. तिथे टीव्ही नाही, मोबाइल नाही, घरखर्चाची चर्चा नाही. साधारण वीस मिनिटं झोप लागली नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं (मी सोसायटीचे जुने वार्षिक अहवाल वाचतो, अध्यक्षांनी रागावू नये), आणि डोळे मिटायला लागले की परत यायचं. वीस मिनिटं अंदाजानेच धरायची, कारण भिंतीवरचं घड्याळ आधी काढायचं. अंथरुणावर तळमळत पडून राहिलं की मेंदू शिकतो, ‘ही तळमळायची जागा.’ ती शिकवण पुसायला काही आठवडे लागतात. पहिले दहा-बारा दिवस मला फार जड गेले, हेही सांगितलं पाहिजे.

गोळी त्यांनी एकदम बंद केली नाही. हळूहळू, काही महिन्यांत कमी केली. हे लक्षात ठेवा : बरीच वर्षं चालू असलेली झोपेची गोळी आपल्या मनाने एका दिवसात बंद करू नये, आणि शेजाऱ्याची गोळी आपण कधीच घेऊ नये. उतारवयात या गोळ्यांनी तोल जातो, विसरायला होतं, पडायला होतं. माझा हात त्याचा साक्षीदार आहे.

शेवटी त्यांनी विचारलं, “चार वाजताच का जाग येते? त्या वेळी काय झालं होतं?” तेव्हा मी त्या पहाटेबद्दल पहिल्यांदा कुणाजवळ तरी सविस्तर बोललो. एकवीस वर्षांनी. जाग आली की मी आधी पोरांच्या श्वासाचा कानोसा घ्यायचो, मग भिंतीचा. पोरं नोकरीला पुण्याला गेली तरी मी भिंतीचा कानोसा घेतच होतो. सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “मीपण तेव्हा जागीच असते. तुमची झोप मोडू नये म्हणून कूस बदलत नाही.” एकवीस वर्षं एकाच खोलीत दोघं जागे, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसरा झोपला आहे. डॉक्टर म्हणाले, “तुमचं शरीर अजून राखण करतंय. त्याला सांगावं लागेल की, राखण संपली.” आता चारला जाग आली तर आम्ही दोघं उठून चार शब्द बोलतो. बहुतेक वेळा पुन्हा झोप लागते. कधी नाही लागत. त्याचं आता भय वाटत नाही. मला वाटतं, माझा निम्मा आजार म्हणजे झोप न येण्याची भीती हाच होता.

आता ती दिवसा येणारी पेंग. आपण समजतो, घोरणारा माणूस गाढ झोपलेला. तसं नाही. माझे मेहुणे इतके घोरायचे की लग्नघरात त्यांना वेगळी खोली द्यायचे. घोरता घोरता मध्येच आवाज बंद, श्वास बंद, आणि मग दचकून मोठा श्वास. आम्ही हसायचो. ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. घशाची वाट मिटून श्वास दहा सेकंदांहून जास्त थांबतो, आणि असं तासाला कितीतरी वेळा होतं. मेंदू दर वेळी उठवतो, म्हणून रात्रभर झोपूनही सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, रक्तदाब आटोक्यात येत नाही, आणि गाडी चालवताना डोळा लागतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभराची तपासणी असते, आणि नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं यंत्र मिळतं. मेहुण्यांनी वजन कमी केलं, यंत्र लावलं, आता माणूस ताजा दिसतो. असं घोरणाऱ्याला स्वतःला काही कळत नाही. ते घरच्यांनीच सांगायचं असतं. भगिनींनो, ही जबाबदारी तुमच्याकडे. आणि तुम्हीही घोरता, हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं!

आणखी थोडं. रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल तर ते वय म्हणून सोडू नका. प्रोस्टेट, साखर किंवा रक्तदाबाच्या गोळीची वेळ, यांपैकी काहीही कारण असू शकतं. अंथरुणावर पडल्यावर पाय वळवळत असतील तर अंगात लोह कमी आहे का, ते तपासून घ्या. चहा दुपारी चारनंतर नको. त्यातलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास लागतात. वाढत्या वयात झोप पातळ होते, मध्ये जाग येते, ते स्वाभाविक आहे. सात-आठ तास एका दमात मिळालेच पाहिजेत असा हट्ट नको. पण आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, सलग तीन महिने असंच चाललं असेल, तर डॉक्टरांकडे जा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

गावाकडे माझा धाकटा भाऊ शेती करतो. शेतीची वीज पाळीपाळीने, आठवडा रात्रीचा आला की हा बॅटरी घेऊन पाणी द्यायला शेतात. त्याला मी झोपेवर काय व्याख्यान देणार? तो दुपारी घरी झोपलेला असताना त्याला फोन करत नाही, इतकंच करतो. दुसऱ्याची झोप सांभाळणं हाही या विषयाचा भाग आहे. लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा कायदाच आहे. पण पहाटे गेटवर हॉर्न, मध्यरात्री पार्किंगमधल्या गप्पा, पाण्याची मोटर, याला कायदा कशाला हवा? कार्यकारिणीने आजपासून हे मनावर घ्यावं, अशी माझी सूचना आहे.

आपली आई तुळजाभवानीसुद्धा वर्षातून तीनदा निद्रा घेते : नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. सीमोल्लंघन झालं की नगरहून आलेल्या पलंगावर ती विसावते, ती पौर्णिमेपर्यंत. युद्ध जिंकल्यावर प्रत्यक्ष देवीलाही विश्रांती लागते, तर आपण कोण?

शेवटची एक विनंती. पहाटे दिवा लावून बसणाऱ्यांनी सकाळी कट्ट्यावर या. मी सहाला तिथे असतो. काल कुणाला झोप लागली नाही, हे मोकळेपणाने बोलू. पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या सुखदुःखाला धावलो, एवढं एकच एकमेकांना सांगायचं राहिलं.

साडेनऊ वाजले. पहिल्या रांगेत दोघांना झोप लागली आहे, तेव्हा भाषण यशस्वी झालं असं समजून थांबतो. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा आणि आज रात्री शांत झोप लाभो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.