हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे

अक्कलकोट तालुक्यातलं हन्नूर हे सोलापूर जिल्ह्यातलं गाव. लेखक शरणकुमार लिंबाळे यांचा जन्म तिथला, 1 जून 1956चा. आई मसामाई भूमिहीन महार शेतमजूर, वडील सवर्ण पाटील. त्यांनी मुलाला नाव दिलं नाही. सांभाळ केला आजी संतामाईनं आणि तिच्यासोबत राहणाऱ्या महमूद दस्तगीर जमादार यांनी. ते हमाली करत. एसटी स्टँड हेच या कुटुंबाचं घर होतं.

हे सगळं 1984च्या ‘अक्करमाशी’ या त्यांच्या आत्मकथनात आहे. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. संतामाई शेण गोळा करते, त्यातले न पचलेले ज्वारीचे दाणे धुऊन वाळवते, दळते आणि त्या पिठाची भाकरी खाते. नातू एक घास घेतो, तर शेणाचा वास येतो. लेखक इथे कुठेच गळा काढत नाही, आणि मला वाटतं, पुस्तकाचा खरा दरारा त्यातच आहे. संतोष भूमकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद 2003 साली निघाला.

दलित आणि अमेरिकन कृष्णवर्णीय साहित्याची तुलना हा लिंबाळेंच्या पीएच.डी.चा विषय. पुढे ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात होते. ‘हिंदू’, ‘बहुजन’, ‘झुंड’ या कादंबऱ्या आहेतच. पण ‘सनातन’ला 2020चा सरस्वती सन्मान मिळाला. मराठीत हा मान त्याआधी विजय तेंडुलकर आणि महेश एलकुंचवार या दोन नाटककारांना मिळाला होता. कादंबरीकार म्हणून तो मिळवणारे पहिले मराठी लेखक हन्नूरचे.